परत आलेल्या: शून्य

महिन्याने बाटली परत येते, तेव्हा मी गोळ्या मोजते.
स्टीलच्या ट्रेवर, चपट्या चमच्याने,
पाच-पाच बाजूला सारत.
परळच्या या खोलीला खिडकी नाही.
तापमानाची नोंद, कुलपाचं कपाट आणि वही:
किती दिल्या, किती आल्या.

माणसं खोटं बोलतात, गोळ्या बोलत नाहीत,
असं आम्हाला शिकवलेलं.
तीन उरल्या, म्हणजे गावी लग्न होतं.
सात उरल्या, म्हणजे उलट्या.
एक कमी भरली तर "बेसिनमध्ये पडली", म्हणतात,
आणि बहुतेक वेळा ती खरंच पडलेली असते.

सहभागी क्रमांक सतरा, कमलेश चुरी.
गुलाबी अठ्ठावीस, पांढऱ्या अठ्ठावीस.
परत: शून्य, शून्य.
इतका चोख हिशोब, की मी बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं
त्याचं कौतुक केलं होतं.

जन्मापासून त्याचं रक्त थांबत नाही.
गुडघा सुजला की बाटली चढवायची, कुणाच्या तरी रक्ताची,
आणि त्यात कधीतरी हेही आलं,
जे शोधायची चाचणीच तेव्हा नव्हती.
तो चौथीत होता. भूषण दुसरीत.
भूषण म्हणजे धाकटा. त्यालाही तोच आजार, तोच वॉर्ड.

त्याला आम्ही घेतलं नाही.
प्लेटलेट पंच्याहत्तर हजार हव्या होत्या,
अडुसष्ट निघाल्या.
मीच सांगितलं, समोर बसवून, पाणी देऊन.
तो म्हणाला, "वरचे सात हजार कुठे मिळतील?"
मी हसले.
तो हसला नव्हता.

चौथ्या आठवड्यात कमलेशचा विषाणू घसरला.
आठव्यात पुन्हा वर.
लॅबने नमुना परत मागवला. तेच.
डॉक्टर मिस्किटा म्हणाल्या, "तूच विचार, तुझ्याशी बोलतो तो."

त्याने झाकण उघडलं. लावलं. उघडलं.
"मॅडम, गोळ्या दोन, आम्ही दोघं.
गुलाबी मी, पांढरी भूषण.
आईनेच पहिल्या दिवशी वाटून दिल्या,
आमच्यात सगळं असंच वाटतात.
एकपण वाया नाही घालवली."

मी काय बोलले आठवत नाही. आवाज चढला असणार,
कारण बाहेरचा बाक गप्प झाला.

एकट्या गोळीला तो चकवतो, तिची ओळख धरतो,
दोघी एकदम आल्या तरच कोंडीत सापडतो,
हे मी त्याला सांगितलं होतं, चित्र काढून.
एकाच शरीरात, हे मात्र कागदावर कुठेच नाही.
चौदा पानं, मराठीत, समितीने तपासलेली,
कुणालाच वाटलं नसेल की तेवढं लिहावं लागेल.
आणि मी म्हणाले होते, एकीला दुसरीची साथ लागते.
साथ. शब्द माझाच.
याच इमारतीत खालच्या मजल्यावर तो
वेगळ्याच अर्थाने फळ्यावर लिहितात.

"पण रक्त तर एकच ना आमचं?"
वाद घालत नव्हता तो. विचारत होता.

आता दोघांच्या आतल्यांनी
एकेक गोळी तोंडपाठ केली असेल.
भूषण जिन्यापाशी उभा होता, वाकडा पाय पुढे टाकून.
वर आला नाही.

फॉर्मवर चौकट असते: कार्यपद्धतीतून विचलन.
कारण: विसरला, प्रवास, दुष्परिणाम, इतर.
'इतर'च्या पुढे दोन बोटं रेघ.
मी लिहिलं, आई.
मग वाटलं, हे वाचून तिलाच जाब विचारतील.

आमच्याकडे खाडाखोड चालत नाही.
चुकलं तर एकच आडवी रेघ,
शेजारी सही, तारीख,
आणि मूळ शब्द वाचता आला पाहिजे.

वाचता येतो.